विकलेल्या यंत्राचे कुलूप

मे २०२५ मध्ये निनटेन्डो या जपानी कंपनीने अमेरिकेतील ग्राहकांसाठीच्या आपल्या करारपत्रात एक फेरफार केला. व्हिडिओ गेमच्या यंत्रातील संरक्षक व्यवस्था ग्राहकाने चुकविली, यंत्रात अनधिकृत बदल केला अथवा मान्यता नसलेले सॉफ्टवेअर त्यावर चालविले, तर ते यंत्र अंशतः किंवा पूर्णतः कायमचे निकामी करण्याची मुभा कंपनीने त्यान्वये स्वतःकडे घेतली. यंत्र ग्राहकाच्या घरात, पैसे त्याने रोख मोजलेले, पावती त्याच्या नावाची. आणि ते चालू ठेवावयाचे की बंद पाडावयाचे हे ठरविणार विक्रेता! उद्या शिलाईयंत्राच्या एखाद्या कारखानदाराने, आमचा दोरा न वापरणाऱ्या शिंप्याचे यंत्र आम्ही दुरून बंद पाडू असे जाहीर केले, तर ग्राहक पंचायतीपासून विधानसभेपर्यंत गहजब होईल. गेम कन्सोलच्या बाबतीत मात्र असे कलम करारपत्रात बिनदिक्कत छापले जाते, आणि आपले यंत्र स्वतः उघडू पाहणारा ग्राहकच कित्येक देशांच्या कायद्याने आरोपी ठरू शकतो.

मुलांच्या खेळण्यांची ही चर्चा या पानावर कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्यांना एवढेच सांगावयाचे की मालकीहक्काचा नवा संकोच नेहमी अशाच ठिकाणी प्रथम घडवून आणला जातो, जेथे त्याला विरोध करणे पोरकटपणाचे वाटते. जे कुलूप आज खेळण्यात आहे, तेच ट्रॅक्टरमध्ये आहे, छपाईयंत्राच्या शाईच्या डबीत आहे आणि रुग्णालयातील उपकरणांतही आहे. खेळण्याच्या खटल्यात जे तत्त्व प्रस्थापित होते ते तेथेच थांबत नाही.

कन्सोल म्हणजे वस्तुतः एक पुरता संगणक होय. त्याला टेलिव्हिजनचा पडदा जोडावयाचा आणि हातात खटके धरावयाचे, एवढाच त्याचा बाह्य वेगळेपणा. खरा फरक आत आहे. यंत्र सुरू होताच ते समोर आलेल्या आज्ञावलीवर कंपनीची सांकेतिक सही आहे की नाही हे तपासते, आणि सही नसेल तर ती चालविण्यास नकार देते. ही तपासणी बाजूला सारून स्वतः लिहिलेला खेळ, चित्रपट दाखविणारी आज्ञावली किंवा लिनक्ससारखी सर्वांना खुली असलेली कार्यप्रणाली त्यावर चालविणे, याला इंग्रजीत ‘होमब्रू’ असे नाव पडले आहे. शब्द घरी गाळलेल्या बिअरवरून आला. आपल्याकडे त्याचे ‘हातभट्टी’ असे भाषांतर केले तर त्याला लगेच पोलिसी वास येईल. आणि गंमत अशी की अनेक देशांच्या कायदेमंडळांनी तो शब्द जणू याच अर्थाने ऐकला आहे.

हे कुलूप आले कसे, याचा इतिहास अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मोठा उद्बोधक आहे. अटारी कंपनीने १९७७ साली बाजारात आणलेल्या यंत्राला असे कुलूप नव्हते. त्या कंपनीचे खेळ लिहिणाऱ्या कारागिरांची नावे खेळावर छापली जात नसत, आणि लाखोंच्या खपात त्यांना वाटाही मिळत नसे. त्यांच्यापैकी चौघे असंतुष्ट होऊन बाहेर पडले आणि १९७९ साली त्यांनी ॲक्टिव्हिजन ही संस्था काढून अटारीच्याच यंत्रावर चालणारे खेळ स्वतः विकावयास प्रारंभ केला. अटारीने त्यांना न्यायालयात खेचले. अखेर स्वामित्वशुल्कावर तडजोड झाली. श्रमिकांनी मालकाचा दरवाजा ओलांडून स्वतंत्रपणे उत्पादन करावे, ही शक्यता यंत्र खुले होते म्हणूनच निर्माण झाली, हे येथे लक्षात ठेवावे. पुढे हलक्या दर्जाच्या खेळांचा बाजारात पूर आला आणि १९८३ मध्ये अमेरिकेतील हा सारा धंदा कोसळला. निनटेन्डोने १९८५ साली आपले यंत्र तेथे नेले ते या अनुभवाचा दाखला देत, आणि सोबत कुलूपही नेले. यंत्रात एक चकती आणि प्रत्येक खेळाच्या काडतुसात तिची जोडीदार. दोघींची ओळख पटली तरच खेळ सुरू व्हावयाचा. ती जोडीदार चकती फक्त निनटेन्डोकडे. मग खेळ लिहिणाऱ्या संस्थांवर अटी आल्या : वर्षाला पाचांहून अधिक खेळ काढावयाचे नाहीत, काडतुसे निनटेन्डोकडूनच बनवून घ्यावयाची, तो खेळ दोन वर्षे दुसऱ्या यंत्रावर आणावयाचा नाही. परवाना-परमिट राज्यावर आमच्याकडील उदारीकरणवाद्यांनी आयुष्यभर टीका केली. परंतु शासनाच्या परवान्याविरुद्ध निदान विधिमंडळात प्रश्न तरी विचारता येतो. या खासगी परवाना-राज्याबद्दल त्यांच्यापैकी कोणी चकार शब्द काढल्याचे ऐकिवात नाही.

या धंद्याचे गणित सरळ आहे. यंत्र स्वस्त विकावयाचे, प्रसंगी तोटा सोसून विकावयाचे, आणि नंतर प्रत्येक खेळावर वसुली करावयाची. एपिक आणि ॲपल यांच्यातील खटल्यात मे २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका अधिकारी महिलेने साक्ष देताना सांगितले की एक्सबॉक्स यंत्राच्या विक्रीवर कंपनीने कधीही नफा मिळविलेला नाही. कंपनीची मिळकत होते ती दुकानातील खेळांच्या विक्रीतून कापल्या जाणाऱ्या ३० टक्क्यांतून. म्हणजे कुलपाची कामे दोन आहेत. चोरून नकललेले खेळ अडविणे हे एक, आणि कंपनीला हिस्सा न देता येणारा कोणताही माल, मग तो कितीही प्रामाणिक श्रमाचा असो, वेशीवर अडविणे हे दुसरे. पहिले काम पहारेकऱ्याचे, दुसरे जकात नाक्याचे. या दोन्ही कामांसाठी एकच कुलूप वापरलेले असल्यामुळे, नाका चुकविणाऱ्यालाही दरोडेखोर म्हणून पकडण्याची सोय कंपन्यांना झाली. साऱ्या कायदेशीर वादाचे मूळ या ठिकाणी आहे.

हा वाद संगणकयुगाने जन्माला घातला, असा एक समज आहे. तो खरा नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी एडिसनप्रभृतींनी स्थापन केलेल्या मोशन पिक्चर पेटंट्स कंपनीकडे चित्रपट दाखविणाऱ्या यंत्रातील एका भागाचे पेटंट होते. त्या जोरावर तिने प्रत्येक यंत्राला पट्टी ठोकली : या यंत्रावर आमच्याच चित्रफिती दाखवाव्यात. युनिव्हर्सल संस्थेच्या चित्रफिती त्यावर दाखविल्या गेल्या आणि प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. १९१७ साली न्यायालयाने निर्णय दिला की पेटंट यंत्रापुरते आहे. यंत्र विकल्यावर त्यात कोणती फीत घालावी हे सांगण्याचा अधिकार त्यातून निघत नाही. १९३६ मध्ये आय.बी.एम. कंपनीलाही असाच धडा मिळाला. गणनयंत्रे भाड्याने देताना त्यात आमचीच छिद्रांकित कार्डे वापरा, अशी तिची अट होती. दुसऱ्यांच्या कार्डांनी यंत्र बिघडेल, हा बचाव न्यायालयाने मानला नाही. एक वस्तू घ्यावयाची तर दुसरीही आमचीच घ्या, या जोडविक्रीची ही दोन उदाहरणे मी वर्गात मक्तेदारीचा पाठ घेताना कित्येक वर्षे सांगत आलो. कन्सोल हे त्याच चित्रपटयंत्राचे नातवंड आहे.

१९९२ पर्यंत न्यायालये बव्हंशी या परंपरेला धरून होती. ॲकोलेड या छोट्या संस्थेने सेगाच्या यंत्रातील आज्ञावली उलट दिशेने उलगडून पाहिली, तिच्या कुलपाची रीत समजून घेतली आणि स्वतःचे खेळ त्यावर चालतील असे केले. सेगाने दावा लावला. उलगडताना झालेली मधली नक्कल कॉपीराइटचा भंग ठरत नाही, कारण यंत्राशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती मिळविण्याचा दुसरा मार्ग ॲकोलेडपुढे नव्हता, असा निवाडा अमेरिकेच्या नवव्या विभागीय अपील न्यायालयाने दिला. येथपर्यंत सारे ठीक होते.

१९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याने ही परंपरा मागच्या दाराने मोडीत काढली. त्याच्या १२०१ व्या कलमाने कुलूप उघडणे हाच स्वतंत्र अपराध केला. उघडणाऱ्याने काही चोरले की नाही, हा प्रश्न दुय्यम झाला. न्यायालयाने १९१७ साली पेटंटधारकाला जे नाकारले होते, ते संसदेने कुलूपधारकाला बहाल केले. आणि पेटंटला निदान मुदत असते, या कुलपाला ती नाही. परस्परांशी जुळणाऱ्या आज्ञावली बनविण्यापुरती एक सवलत त्या कलमात आहे खरी, पण ती इतक्या अटींनी जखडलेली आहे की तिच्या भरवशावर कोणी धाडस करू नये. एम.आय.टी.चा एक संशोधक विद्यार्थी अँड्र्यू हुआंग याने २००२ मध्ये एक्सबॉक्सच्या कुलपाचा उलगडा केला आणि त्यावर पुस्तक लिहिले, तेव्हा आधी तयार असलेल्या प्रकाशकाने या कायद्याच्या धास्तीने माघार घेतली. विकत घेतलेले यंत्र कसे चालते हे सांगणारे पुस्तक छापण्यास प्रकाशक कचरतो, तेथे मतस्वातंत्र्याच्या गप्पा किती पोकळ आहेत!

दर तीन वर्षांनी या कलमातून काही अपवाद मंजूर करण्याचा अधिकार तेथे काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या प्रमुखाकडे आहे. स्मार्टफोनचे कुलूप मालकाने उघडावे, याला २०१० मध्ये मान्यता मिळाली. तीच मागणी कन्सोलसाठी २०१२ मध्ये करण्यात आली तेव्हा ती फेटाळली गेली. कन्सोलचे कुलूप उघडणे आणि खेळांची चोरी यांचा संबंध फार निकटचा आहे, हे त्याचे कारण. २०२१ मध्ये कन्सोलच्या दुरुस्तीसाठी अपवाद मिळाला, तोही फक्त तबकडी वाचणाऱ्या भागापुरता. फोन आणि कन्सोल ही यंत्रे आतून एकाच जातीची असताना एकाचा मालक स्वतंत्र आणि दुसऱ्याचा परतंत्र का, याचे तर्कशुद्ध उत्तर मला आजवर सापडलेले नाही.

कंपन्यांच्या बाजूने जे म्हणता येण्यासारखे आहे ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. ज्या फटीतून घरगुती आज्ञावली आत शिरते, त्याच फटीतून चोरीचा खेळही शिरतो. बाजारात विकल्या गेलेल्या कुलूपतोड चकत्यांचा बहुतांश वापर लिनक्ससाठी झाला असे म्हणणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक होईल. खेळ बनविणारे शेकडो चित्रकार, संगीतकार आणि आज्ञावलीकार हेही श्रमिकच आहेत, व नकलेचा फटका त्यांनाही बसतो. तेव्हा नकला करून विकणाऱ्यांना शिक्षा होण्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु शिक्षेचे प्रमाणही पाहावे. निनटेन्डोची यंत्रे उघडणारी उपकरणे विकणाऱ्या एका टोळीतील कॅनडाच्या नागरिकाला अमेरिकी न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ४० महिन्यांचा कारावास दिला. फौजदारी आणि दिवाणी प्रकरणे मिळून त्याने कंपनीला द्यावयाची रक्कम १ कोटी ४५ लाख डॉलर ठरली. ती त्याच्या पुढील कमाईतून कापली जाणार, आणि उभ्या आयुष्यात ती फिटणे शक्य नाही. वेठबिगारीला आपण कायद्याने बंदी घातली आहे. तिचे हे सुटाबुटातील रूप ओळखावयास मात्र आपण तयार नसतो.

शिवाय उघडे यंत्र म्हणजे चोरी, हे समीकरण अनुभवाला उतरत नाही. सोनीने २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ विकावयास काढले तेव्हा त्यावर लिनक्स चालविण्याची सोय तिनेच दिली होती. अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने अशी सुमारे १,७०० यंत्रे एकत्र जोडून महासंगणक उभारला, तो २०१० मध्ये कार्यान्वित झाला. जॉर्ज हॉट्झ या तरुणाने त्या यंत्राच्या अंतर्भागात प्रवेश मिळविल्याचे जाहीर करताच सोनीने एप्रिल २०१० मध्ये ही सोय सर्वांच्याच यंत्रांतून काढून घेतली. सोय ठेवावयाची तर नवे सॉफ्टवेअर घ्यावयाचे नाही, आणि नवे सॉफ्टवेअर नाही तर जाळ्यावरचा खेळ बंद. अशा कात्रीत ग्राहक सापडला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. परिणाम काय झाला? जे यंत्र सुमारे तीन वर्षे अभेद्य राहिले होते, त्याची सांकेतिक सहीची व्यवस्था त्याच वर्षाच्या डिसेंबरात बर्लिन येथील परिषदेत एका गटाने जाहीरपणे मोडून दाखविली. लिनक्सची वाट खुली होती तोवर कुशल मंडळींना ते फोडण्याची गरजच वाटली नव्हती, असे त्या गटाचे प्रतिपादन होते. हॉट्झवर सोनीने जानेवारी २०११ मध्ये दावा लावला आणि एप्रिलमध्ये तडजोड झाली. काढून घेतलेल्या सोयीबद्दल ग्राहकांनी केलेल्या सामूहिक दाव्यात सोनीला पुढे काही वर्षांनी भरपाई मान्य करावी लागली, हेही नमूद केले पाहिजे.

मायक्रोसॉफ्टने २०१६ पासून एक्सबॉक्समध्ये एक अधिकृत कप्पा ठेवला. अल्प शुल्क भरून नाव नोंदविणाऱ्या कोणालाही त्यात स्वतःची आज्ञावली चालविता येऊ लागली. त्यामुळे कंपनीचे दिवाळे वाजले नाही. आणि मूळ एक्सबॉक्सची कुलपे उघडून हौशी मंडळींनी जे लिहिले, त्यातून एक्स.बी.एम.सी. ही चित्रपट-संगीत दाखविणारी आज्ञावली जन्माला आली. २०१४ मध्ये तिचे नाव कोडी झाले. आज जगभर टेलिव्हिजनला जोडलेल्या नाना यंत्रांवर ती विनामूल्य चालते. कायद्याने पाहता तिचे बालपण सारे बेकायदेशीर यंत्रांवर गेले!

आता ऑस्ट्रेलियाकडे वळू, कारण आपल्याला खरा बोध तेथून घ्यावयाचा आहे. सिडनीत प्लेस्टेशनमध्ये कुलूपतोड चकत्या बसवून देणाऱ्या स्टीव्हन्स नावाच्या गृहस्थावर सोनीने दावा केला. ग्राहकहिताचे रक्षण करणारा तेथील स्पर्धा आयोग खालच्या न्यायालयात न्यायमित्र म्हणून उभा राहिला, कारण हेच कुलूप परदेशी रीतसर विकत घेतलेले खेळही अडवीत होते. ऑक्टोबर २००५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने, जे त्या देशाचे सर्वोच्च न्यायालय आहे, सोनीच्या विरुद्ध निकाल दिला. हे कुलूप नक्कल होण्यास प्रतिबंध करीत नाही, झालेली नक्कल नंतर चालू देत नाही इतकेच. म्हणून कायद्याने ज्याला संरक्षण दिले ते हे साधन नव्हे, असे न्यायमूर्तींनी म्हटले. निकाल स्वच्छ होता. परंतु अमेरिकेशी झालेला मुक्त व्यापार करार त्याच वर्षाच्या १ जानेवारीपासून अमलात आलेला होता, आणि त्या करारात अमेरिकी धर्तीचे कुलूप-संरक्षण कायद्यात आणण्याची अट होती. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदेने कायदा बदलला. प्रदेशवार बाजार वाटून घेण्यासाठी घातलेली कुलपे तेवढी संरक्षणातून वगळली गेली. बाकी निकालातून जे मिळाले होते ते बहुतेक गेले. लोकांच्या न्यायालयाने दिलेले व्यापाराच्या वाटाघाटीत हरपले. युरोपच्या न्यायालयाने निनटेन्डोच्या एका इटालियन प्रकरणात जानेवारी २०१४ मध्ये म्हटले की संरक्षण प्रमाणाबाहेर असू नये, आणि कुलूप उघडणारी साधने लोक प्रत्यक्षात कशासाठी वापरतात हे राष्ट्रीय न्यायालयांनी तपासावे. हे तत्त्व ऑस्ट्रेलियातील फेरबदलापेक्षा कितीतरी शहाणपणाचे आहे.

भारताची स्थिती या बाबतीत अनपेक्षितपणे चांगली आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ६५-अ हे कलम आले. त्यानुसार संरक्षक तांत्रिक उपाय चुकविणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो, परंतु केव्हा? कायद्याने दिलेल्या हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने त्याने तसे केले असेल तेव्हाच. कायद्याने स्पष्टपणे मना न केलेल्या कामासाठी कुलूप उघडले तर ते कलम आड येत नाही, असेही त्यातच म्हटले आहे. ५२ व्या कलमात तर १९९९ पासूनच, कायदेशीर धारकाने स्वतंत्र आज्ञावली दुसरीशी जुळावी म्हणून आवश्यक ती माहिती मिळविणे, आज्ञावलीचे निरीक्षण व अभ्यास करणे, यांस मुभा आहे. या दोन कलमांचा एकत्र अर्थ लावला तर स्वतःच्या कन्सोलवर स्वतःचा खेळ चालविणारा पुण्याचा अथवा पणजीचा विद्यार्थी गुन्हेगार ठरू नये, असे माझे वाचन आहे. एक जाचक गोष्ट मात्र आहे. दुसऱ्यासाठी असे काम करून देणाऱ्याने त्या व्यक्तीचे नाव, पत्ता, प्रयोजन इत्यादींची संपूर्ण नोंद ठेवावी, अशी अट ६५-अ मध्ये आहे. लॅमिंग्टन रोडवरील छोट्या दुकानात बसणारा कारागीर अशी नोंदवही ठेवील, ही कल्पना दिल्लीच्या सचिवालयातच सुचू शकते.

मार्च २०२१ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एका करविषयक प्रकरणात, परवान्याच्या कागदासह विकलेले सॉफ्टवेअर ही वस्तूचीच विक्री होय, त्यातून कॉपीराइट हस्तांतरित होत नाही, असे म्हटले. प्रश्न प्राप्तिकराचा होता हे खरे. पण विक्रीला विक्री म्हणण्याचा हा दृष्टिकोन ग्राहकाच्या उपयोगाचा आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या कक्षेत शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती टिकाऊ वस्तू आणि मोटारी यांचा उल्लेख होता. त्या यादीत कन्सोलला स्वतंत्र स्थान नव्हते, ते मिळावयास हवे.

परंतु ही चांगली स्थिती टिकेल याची हमी कोण देणार? अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधींच्या ‘स्पेशल ३०१’ अहवालात भारताचे नाव कैक वर्षे प्रथम दर्जाच्या सावधगिरीच्या यादीत झळकत आले आहे. १९९६ चा जागतिक कॉपीराइट करार भारताने २०१८ मध्ये स्वीकारला. त्यात कुलपांना ‘पुरेसे’ संरक्षण द्या एवढेच म्हटले आहे, प्रत्येक उघडणाऱ्याला तुरुंगात घाला असे कोठेही नाही. आपले ६५-अ कलम या करारात चपखल बसते. दबाव येईल तो ऑस्ट्रेलियात आला त्याच वाटेने, द्विपक्षीय व्यापार कराराच्या बौद्धिक संपदेवरील प्रकरणातून. आणि अशी प्रकरणे वाटाघाटी पुऱ्या होईपर्यंत संसदेपुढे येत नाहीत. तेव्हा अशा करारांचे मसुदे हाती येतील त्या दिवशी समाजवादी खासदारांनी आयातशुल्काच्या तक्त्यांआधी हे प्रकरण उघडावे, आणि ६५-अ मधील ‘हक्कभंगाच्या हेतूने’ हे शब्द गाळण्याची अट त्यात कोठे दडलेली आहे काय, याचे उत्तर वाणिज्य मंत्र्यांकडून सभागृहात लेखी मागावे.